वर देणे

साखर पेठेत सुताच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून,
सात ते साडेआठ माझा इंग्रजीचा वर्ग.
खाली बाचकी तोलतात, वर आम्ही क्रियापदं.

काल फळ्यावर लिहिलं : गिव्ह अप.
म्हटलं, दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत,
लिहा बघू अर्थ, घाबरू नका.

यादगिरी कोडम, वय अठ्ठावन्न,
शेवटच्या बाकावर, कारण गुडघा दुमडत नाही,
त्यांनी लिहिलं : वर देणे.
वर्ग फुटला. सुगला हात उंचावून देवाच्या आवाजात,
माग बाळा, काय पाहिजे ते माग!
माग म्हणताच त्यांनी मान उचलली.
मला वाटलं, विनोदाला दाद देतायत.
लाल पेनानं मी काट मारली,
शेजारी लिहिलं : सोडून देणे.

मग उदाहरणं, नेहमीची.
तंबाखू सोडली. क्लास अर्ध्यात सोडला.
बसमध्ये म्हातारीला जागा दिली, तेही गिव्ह अप.
चोर आपल्या पायानं ठाण्यात आला, तेही,
तिथं स्वतःलाच द्यायचं असतं.
डॉक्टरांनी आशा सोडली,
इथं दरवर्षी एखादं पेन थांबतं,
मी पुढच्या वाक्याकडे जाते.

सुगला म्हणाली, आमच्या कानडीत बिट्टुकोडु,
सोडायचंच, पण कोडु म्हणजे दे.
मी खडू धरून उभी.
सोडून देणे.
बारा वर्षं शिकवते, आणि दिसलंच नव्हतं
की माझ्याही शब्दाच्या शेवटी देणं येऊन बसलंय,
निघालेल्याच्या तळहातावर दही ठेवावं तसं.

आणि तेलुगूत?
वदिलेय, यादगिरी म्हणाले.
त्यात देणं नाही. सोडून टाक. टाकायचं नुसतं.
जरा थांबून :
आमची भाषा उगं गोड बोलत नाही म्याडम.

मग वाक्य वाचायला उभे राहिले.
आय गेव्ह अप माय लूम.
बरोबर, मी म्हटलं, भूतकाळ, कर्म, सगळं जागेवर.
ते बसेनात.
दिला म्हणताव, तर कुणाला दिला,
ते वाक्यात कुठं हाय?

मी सांगितलं ते पुस्तकातलं :
असे शब्द फोडून बघायचे नसतात,
दोन्ही मिळून एकच अर्थ, वर कुठलं वर नसतं.

फोडूनच नेलं की ओ, ते म्हणाले.
गुरुवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला, विडी घरकुलात.
उभा माग उचलत नाहीत, आधी सुटा करतात.
छत्तीस वर्षं चालवला, पण इतका उघडा नव्हता बघितला.
कार्डांची माळ वेगळी काढली, पुठ्ठा म्हणून, रद्दीच्या भावात,
तिच्यात मोर होता, चादरीवरचा,
नुसत्या भोकांचा, बाहेरच्याला दिसत नाही.
लोखंड लोखंडाच्या भावात.
दोन पोरं टेम्पोत उभी, मी खाली.
रूळ उचलला, फणी उचलली,
धोटा तर काय, एका हातात मावतो.
आन् ती पोरं वरून ओरडायलीत,
वर द्या मामा, वर द्या.
मी वर देत गेलो.

तुम्ही त्याच्यावरच काट मारलाव.

सुगला खिडकीतून बाहेर बघत होती,
बाहेर काही नव्हतं.
खालचा काटा कुणाच्या तरी वजनावर
डुलून डुलून थांबला.

मी वही मागून घेतली.
काट पुसता येत नाही, लाल शाई तर नाहीच.
तिच्याखाली लिहिलं, हेही बरोबर,
सही केली, तारीख घातली,
जशी काही पावती देत होते.

उद्या गिव्ह इन आहे.
कुणीतरी लिहीलच : आत देणे.
पेनाचं टोपण काढण्याआधी विचारीन
कुठल्या दारातून,
आणि आत कोण हात पुढं करून उभं होतं.